चौरस ग्रॅमचे लाडू

२ मार्च, रविवार

अंकिताचा साखरपुडा झाला. मांडव, जेवण, मानपान, सगळं वेळेत. जतची मंडळी दोन गाड्यांनी आली आणि दोन गाड्यांनी गेली. फक्त जाताना नवऱ्या मुलाचे मामा कोणाशी बोलले नाहीत. गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. ऊन असं की बोनेटवर पापड भाजावा. तरी काच वर.

सौ. म्हणाली, काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, प्रवासानं दमले असतील. फौजेत सुभेदार होईपर्यंत राशन स्टोअर सांभाळलं. माणूस दमलाय की चिडलाय, हे मला लांबून कळतं. दमले होते.

३ मार्च, सोमवार

चिडले होते.

सकाळी शंभूराजचा फोन आला. आमचा होणारा जावई, सांगलीत नोकरीला, मुलगा सरळ आहे. त्यानं अंकिताला सांगितलं, अंकितानं तिच्या आईला, आणि तिनं मला भाकरी थापता थापता. गुंडामामांच्या ताटात आलेला बुंदीचा लाडू लहान होता. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर शेजारीच जेवायला बसला होता आणि त्याच्या ताटातला मोठा होता. मामांचे शब्द असे, "ड्रायव्हरच्या ताटात नारळ आन माज्या ताटात आवळा." आता ते लग्नाला येणार नाहीत.

शंभूराजला आईवडील नाहीत. जत तालुक्यात, अगदी कर्नाटकच्या हद्दीवरच्या वस्तीत या मामांनीच त्याला वाढवला आणि शिकवला. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. शंभूराजनं स्पष्ट सांगितलंय, अंतरपाट धरल्यावर मामा माझ्या मागं उभे नसतील तर मीही उभा राहणार नाही. लग्न तीस एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला. कार्यालय, बँड, आचारी ठरलेत.

लाडू लहानमोठे झालेच कसे, असं मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, भावकीतल्या सगळ्याजणी वळायला बसल्या होत्या, जिचा तिचा हात. पुढं असंही म्हणाली की मामा आले तेव्हा बराच वेळ दारातच उभे होते, त्यांना कोणी या-बसा म्हटलं नाही. ते खरं असेल. मी त्या वेळी ड्रायव्हरला गाडी सावलीत कुठं लावायची ते दाखवत होतो. पण तक्रार लाडवाची आहे. उगाच विषयाला फाटे फोडू नयेत.

४ मार्च, मंगळवार

मामांना फोन केला. म्हणाले, "पावनं, लाडवाचं काय न्हाई वो." आणि मग जीव तोडून लाडवाबद्दलच बोलले.

डब्यात पाच लाडू उरले होते. काट्यावर ठेवले. अठ्ठेचाळीस ग्रॅम, छप्पन्न, साठ, चौसष्ट आणि बहात्तर. म्हणजे तक्रारीत तथ्य आहे. आता हे मोजून, मापून, रीतसर निकालात काढायचं. अंकिता कराडला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिला बसवलं.

सरासरी साठ. मग प्रत्येक लाडू सरासरीपासून किती लांब ते काढलं. उणे बारा, उणे चार, शून्य, चार, बारा. बेरीज शून्य. मी म्हटलं, झालं, फरक नाहीच, मामांना कळव. ती म्हणाली, तसं नसतं पप्पा, अधिक आणि उणे एकमेकांना खातात, म्हणून आधी वर्ग करायचे. वर्गांची बेरीज तीनशे वीस आली. आता म्हणे चारनं भागा.

लाडू पाच आणि भागायचं चारनं. मी डब्यात पुन्हा बघितलं. पाचच होते. सौ.कडं बघितलं. तिनं तोंड उघडून दाखवलं.

अंकितानं सांगितलं ते असं. साखरपुड्याला चारशेवर लाडू वळले होते, हे पाच नुसता नमुना. नमुन्यावरून अंदाज बांधताना एक कमी करून भागतात, नाहीतर फरक असतो त्यापेक्षा कमी दिसतो. नमुन्याचं चिन्ह इंग्रजी एस. सगळेच्या सगळे लाडू मोजले तर पुऱ्या संख्येनं भागायचं आणि चिन्ह सिग्मा. सिग्मा म्हणजे एक गोल आणि वर उजवीकडं शेपूट. तीनशे वीस भागिले चार म्हणजे ऐंशी, याला म्हणायचं प्रचरण. त्याचं वर्गमूळ नऊला जरा कमी, त्याला म्हणायचं प्रमाण विचलन. प्रचरणाला वेगळं चिन्ह नाही. त्याच सिग्माच्या किंवा एसच्या डोक्यावर दोन काढायचा.

मला पटकन समजलं, कारण फायरिंग रेंजवर आम्ही हेच करायचो. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ बसल्या ते बघायचं, त्याला ग्रुपिंग म्हणतात. आमच्या लाडवांचं ग्रुपिंग ढिलं आहे. एवढंच दुखणं. यावर इलाज होतो.

७ मार्च, शुक्रवार

मामांना व्हॉट्सॲपवर कळवलं. "आपली तक्रार तपासली. लाडवाचं सरासरी वजन ६० ग्रॅम, प्रचरण ८० ग्रॅम. सुधारणा चालू आहे." विचलनाचा आकडाही हातात होता, पण नऊ हा आकडा किरकोळ वाटतो. ऐंशी म्हटलं की तपासणी दमदार झाली असं वाटतं.

लगेच फोन आला. "पावनं, लाडू साठ ग्रामचा आन फरक ऐंशीचा? म्हंजी मला मिळाला त्यो उणे वीसचा हुता व्हय? आता मीच तुमाला लाडू द्याचा का उलटा?"

मी फोन अंकितापुढं धरला. अंकितानं मेसेज वाचला आणि उशीत तोंड घालून पडली. खांदे हलत होते. मी पाठीवरून हात फिरवला, म्हटलं रडू नकोस, मोडणार नाही लग्न. ती हसत होती. मग डोळे पुसून म्हणाली, ग्रॅमला ग्रॅमनं गुणल्यावर ग्रॅम उरत नाही. प्रचरणाचं एकक वर्ग ग्रॅम. ते वजन नाहीच, त्यामुळं ते साठातून वजाही करता येत नाही.

८ मार्च, शनिवार

दुरुस्ती पाठवली. ८० ग्रॅम नव्हे, ८० चौरस ग्रॅम.

मामांनी विचारलं, म्हणजे किती गुंठे? आमच्या भागात काय आणि त्यांच्या भागात काय, चौरस म्हटलं की माणसाला जमीनच आठवते. मी म्हटलं जमिनीचा संबंध नाही. ते म्हणाले, मग चौरस कशापायी, लाडू तर गोल हाय. हे मलाही पटलं. अंकिताला विचारलं. ती म्हणाली, अहो म्हणूनच लोकांना विचलन सांगायचं, ते साध्या ग्रॅममध्ये येतं. मी म्हटलं, हे काल सांगायचं.

संध्याकाळी मामांचा पुन्हा फोन. नवीन मुद्दा काही नव्हता. आमच्याकडं आज काय जेवण केलं ते विचारलं. मी वांगं म्हणून सांगितलं. त्यांनी कोणत्या जातीचं ते विचारलं. माणूस खोलात शिरतो.

११ मार्च, मंगळवार

युक्ती सापडली. ग्रॅम हे मापच भांडखोर आहे. राशन स्टोअरमध्ये आम्ही सगळं किलोत लिहायचो, कधी तंटा झाला नाही. मी ऐंशीला हजारानं भागलं. अंकिता म्हणाली, वर्ग आहे, हजारानं दोनदा भागायला लागतं. जमिनीच्या चौरस फुटाचे चौरस इंच करताना बारानं दोनदा गुणता की नाही, तसंच. दोनदा भागलं. दशांश चिन्हापुढं चार शून्यं आणि मग आठ. इतका देखणा आकडा मी आयुष्यात बघितला नव्हता.

मामांना वाचून दाखवला, एकेक शून्य सावकाश. त्यांनी शून्यं पुन्हा मोजायला लावली. मग म्हणाले, "हौदु, हौदु." हद्दीवरचा माणूस, पटलं की होकार कानडीत येतो. एवढा बारीक फरक आपल्या डोळ्याला दिसला कसा, याचं त्यांनाच नवल वाटलं. लग्नाला येतो म्हणाले. सौ.नं देवापुढं साखर ठेवली.

१२ मार्च, बुधवार

शंभूराजनं मामांना वर्गमूळ काढून दाखवलं. कितीही शून्यं दिली तरी शेवटी नऊ ग्रॅमच होतात, हेही समजावून सांगितलं. जावई प्रामाणिक असावा, पण लग्नापर्यंत दम धरावा.

मामा येणार नाहीत. फोन मात्र येतो, रोज. शनिवारचा वांग्याचा विषय अजून संपलेला नाही.

२३ मार्च, रविवार. मुक्काम गुंडामामांची वस्ती

समोरासमोर बोलल्याशिवाय हे मिटणार नाही, म्हणून वजनकाटा पिशवीत घालून एसटीनं आलो. कराड, विटा करत जतला उतरलो तर मामा स्टँडवर हजर. आधीच्या दोन गाड्याही त्यांनी बघितल्या म्हणे. मी कुठल्या गाडीनं येणार ते फोनवर सांगितलं होतं, तरी. शिस्त नाही.

दिवसभर मुद्द्यावर येईनात. मेंढरं दाखवली, एकेकीचं नाव सांगितलं. डाळिंबाची बाग दाखवली. पाण्याचा टँकर कुठं उभा राहतो ती जागा दाखवली, तिथं टँकर नसतानाही. दुपारी मटण आणि ज्वारीची भाकरी. भाकरी स्वतः थापतात. मी फौजी माणूस, मी म्हटलं उत्तम आहे, पण कडा जाड आहेत. तर म्हणाले, हे आजवर कोणी सांगितलंच नाही.

घरात आरशाचं नवंकोरं लोखंडी कपाट आहे, त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, सुनेला घेतलं. मग जरा वेळानं म्हणाले, पोरं सांगलीतच राहनार म्हनत्यात, हिकडं कवा यायची. मी म्हटलं सांगली काही लांब नाही, आणि लगेच काटा बाहेर काढला, कारण विषय भरकटत होता.

मग वाटाघाटी झाल्या. मी म्हटलं, लग्नातल्या लाडवांचं विचलन दोन ग्रॅमच्या आत ठेवतो, फौजीचा शब्द. मामांनी विचारलं, विचलन कुठलं, यस का शिग्मा? शंभूराजनं शिकवलेलं सगळं डोक्यात ठेवलंय. मी म्हटलं, पाचपन्नास लाडू काढून एस सांगतो.

"नमुना नगं, पावनं. माज्या ताटात नमुना येत न्हाई, लाडू येतू. समदं मोजा."

आठशे लाडू आहेत. कबूल केलं.

उद्या सकाळी निघतो म्हटलं. मामा म्हणाले, सकाळची गाडी बंद झालीया.

२५ मार्च, मंगळवार

घरी आलो. सकाळची गाडी बंद नव्हती. काल शेताच्या बांधाकडं, तालीवर गेलो होतो तेव्हा रस्त्यावरून जाताना दिसली, आज तीच धरून आलो. मामांना माहीत नसावं. बाहेर कुठं जातात ते.

सौ.ला सगळा वृत्तांत दिला. कपाटाचं ऐकून तिनं निवडायचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आवं, त्यास्नी लाडू नको हाय."

मी म्हटलं, मग काय, बर्फी? तर उठून आत गेली. लग्नघर आहे, बायकांच्या डोक्यावर ताण असतो.

१३ एप्रिल, रविवार

लाडूवळणीची पहिली कवायत. भावकीतल्या आणि शेजारच्या मिळून आठ बायका दोन रांगांत बसवल्या. प्रत्येकीचे लाडू वेगळे मोजले. क्रांतीवहिनीची सुरुवात मोठ्या लाडवानं होते आणि बोलत बोलत तो सुपारीएवढा होतो. राजनंदिनीचं उलट.

खरा शोध लागला तो शालूबाईंचा. शेजारीण आमची, हात फावड्यासारखा. त्यांचे सगळे लाडू पंचाहत्तर ग्रॅमचे, पण एकमेकांत फरक म्हणाल तर नावाला. म्हणजे साखरपुड्याचा नारळ यांचाच. पण ग्रुपिंग अव्वल, नुसता निशाणा बाजूला. अशी रायफल सापडली तर आम्ही तिला टाकायचो नाही, झिरो करायचो. गोळ्या मधोमध पडेपर्यंत साइट फिरवायची, बस. मी सगळ्यांसमोर उभं राहून कौतुक केलं. म्हटलं, इथं कामाची बाई एकच, शालूबाई, फक्त त्यांना झिरो करायला पाहिजे.

शालूबाईंनी पदर खोचला आणि घरी गेल्या. त्यांच्यामागं बाकीच्या सात. परातीत बुंदी तशीच.

१४ एप्रिल, सोमवार

सौ. घरोघर जाऊन समजूत काढून आली. काय बोलली ते सांगत नाही. बायकांची अट एकच, लाडू वळायच्या जागी सुभेदारांनी यायचं नाही.

सौ.नं फडताळातून सारख्या मापाच्या आठ वाट्या काढल्या. वाटी भरायची, बोटानं सपाट करायची, मग वळायचं. मी ओसरीवरून नमुना मागवला. एस चौदा दशांश, म्हणजे एक पूर्णांक चार. वाटीचं मी सुचवणारच होतो.

मामांना कळवलं. त्यांनी वाटी स्टीलची की पितळेची, बुंदीत तूप किती, शालूबाईंचा राग उतरला का, सगळं विचारून घेतलं. शालूबाईंना माझा नमस्कार सांगा म्हणाले. त्यांनी कधी बघितलेलं नाही त्यांना.

२२ एप्रिल, मंगळवार

आज मामांचा फोन नाही. संध्याकाळी मीच केला. डाळिंबावर औषध मारत होते. काटा नीट चालतोय एवढंच सांगायचं होतं मला. दिवे लागेपर्यंत बोललो.

२८ एप्रिल, सोमवार

लाडू झाले. आठशे. सकाळी बसलो ते एकेक काट्यावर घेतला. अंकिताच्या हाताला मेंदी, त्यामुळं ती लॅपटॉपसमोर बसून बोटं वर धरून सांगणार आणि आकडे मी दाबणार. मामा व्हिडिओ कॉलवर होते. पहिल्या लाडवापासून शेवटच्यापर्यंत हटले नाहीत. दुपारी त्यांच्या मागं चुलीवर भाकरी करपताना आम्हाला इकडं दिसली, तेव्हा सौ.नं ओरडून सांगितलं आणि ते पळाले.

सरासरी साठ. सिग्मा दीड ग्रॅम. नमुना नाही, अंदाज नाही, खरा सिग्मा. मी मामांना म्हटलं, बोला. मामा म्हणाले, येतो.

कार्यालयाच्या दारात लावायला डिजिटल बोर्ड सांगितला होता. बोर्डवाल्या वीरधवलनं संध्याकाळी आणून दिला. वरवधूंचे फोटो, खाली मोठ्या अक्षरात सिग्मा बरोबर दीड ग्रॅम. त्याच्या कॉम्प्युटरात सिग्मा नव्हता, म्हणून त्यानं लाडवाचा फोटो घेऊन त्याला शेपूट काढलं. तक्रार करायला जागा नाही. अगदी तसाच दिसतो.

१ मे, गुरुवार

काल लिहायला सवड नव्हती. घडलं तसं लिहितो.

मुहूर्त गोरज, म्हणून वऱ्हाडाचं जेवण दुपारीच ठेवलं होतं. गाड्या आल्या तेव्हा मी लाडवांच्या परातींवर पहाऱ्याला होतो. आचाऱ्याच्या माणसांचा भरवसा नाही, एकानं कोपरा मोडून खाल्ला तरी विचलन हलतं. त्यामुळं दारात स्वागताला जाता आलं नाही. मामा आले, बोर्ड वाचला, आत येऊन पंगतीत बसले. नवं धोतर, गुलाबी फेटा. मी स्वतःच्या हातानं त्यांच्या ताटात लाडू वाढला. शेजारी ड्रायव्हर होता, त्यालाही वाढला. मग छाती पुढं काढून म्हटलं, मामा, बघा, ताडून बघा, काटा आणू का.

मामांनी स्वतःचा लाडू बघितला. ड्रायव्हरचा बघितला. मग रांगेत शेवटपर्यंत नजर टाकली. माझी अपेक्षा होती की पाठ थोपटतील.

"सगळ्यास्नी सारखाच," ते म्हणाले.

मी म्हटलं, तंतोतंत.

"ड्रायव्हरला बी एवढाच."

मी म्हटलं, तोच तर शब्द दिला होता.

मामांनी ताट हळूच पुढं सरकवलं. "मग मी कोन, पावनं?"

ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. ते हळू बोलले, मला एकट्याला ऐकू येईल इतकंच. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि चपला शोधायला लागले. पलीकडं शंभूराजला फेटा बांधत होते. त्यानं मामांना उठताना बघितलं आणि अर्धा बांधलेला फेटा तसाच लोंबकळत घेऊन तोही उठला. वाढप थांबलं. अंकिता हिरव्या साडीत खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

नियमात बसणारं काही सुचत नव्हतं. सौ.कडं बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती, साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना बघत होती तशी. माझा हात आपोआप परातीत गेला. दोन लाडू उचलले आणि दाबून एकात एक केले. दोन दिवसांचे लाडू, फुटत होते, जुळत नव्हते. शालूबाई पुढं आल्या, माझ्या तळहातावर पातळ तूप ओतलं आणि म्हणाल्या, दाबा नीट, बोटं मिटवा. तिसरा घेतला. मामा चपलेत एक पाय घालून थांबले होते. चौथा घेतला.

"पप्पा," अंकिता तिकडून म्हणाली, "सिग्मा."

"जाऊ दे सिग्मा," मी म्हटलं.

दोन्ही हातांत धरून तो लाडू घेऊन मी मामांसमोर गेलो. म्हटलं, असा एकच आहे. मांडवात दुसरा नाही, आणि आता होणारही नाही. आणि दारात यायला चुकलो, तेही म्हटलं. ते का म्हटलं मला माहीत नाही, लाडवाशी त्याचा संबंध नव्हता.

मामांनी चप्पल काढली. लाडू घेतला, उजेडात धरला, सगळ्या बाजूंनी फिरवला. मग डावीकडं वळून ड्रायव्हरला दाखवला. ड्रायव्हर चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "लय मोठा हाय वो."

खाल्ला मात्र नाही. उपरण्यात बांधून घेतला. गोरजेला अंतरपाट धरला तेव्हा शंभूराजच्या मागं मामा उभे होते, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ते गाठोडं. अक्षता टाकायला हात मोकळा नव्हता, पण गाठोडं कोणाला धरायला दिलं नाही.

आज सकाळी हिशोब केला. आठशेतले चार गेले, दोनशे चाळीस ग्रॅमचा एक आला. सिग्मा दीडवरून साडेसहावर गेला. एका लाडवानं. अंकिता सासरी निघताना तिला दाखवलं. ती म्हणाली, वर्ग केला की असंच होतं पप्पा, जवळजवळ बसलेल्यांचं वजन जेमतेम धरलं जातं आणि लांब असलेल्या एकाचंच फार. मग रडायला लागली. या वेळी मी नीट बघितलं, हसत नव्हती. सौ.ही रडत होती. मी बोर्डाच्या दोऱ्या सोडायला गेलो. त्यावरचा आकडा आता खोटा झाला होता, तो तसा टांगून ठेवणं बरोबर नव्हतं. दोऱ्या सुटायला बराच वेळ लागला.

६ मे, मंगळवार

घर मोकळं वाटतं. काटा धुऊन पुसून ठेवला.

पोरं पाया पडायला मामांकडं गेली होती, दोन रात्री राहिली, आता सांगलीत आहेत. कपाटाचं प्लास्टिक काढलं, असं अंकितानं सांगितलं.

सकाळी मामांचा फोन. मला वाटलं आता तरी समाधान झालं असेल. कसलं. म्हणाले, पावनं, तुमच्या लाडवाला मुंग्या लागल्या. एवढा मोठा लाडू एका माणसाला संपत न्हाई, देताना इचार केला न्हाईसा. डबा बदलून बघितला, पाण्यात ठेवून बघितला, तरी चढत्यात. आता हेचं काय करायचं ते तुमीच सांगा.

काही माणसांचा स्वभावच तक्रारीचा असतो, त्याला आपण काय करणार. पण लाडू आमचा, म्हणजे जबाबदारी आमची. मुंग्यांचं काम फोनवर होत नाही, वारूळ कुठं आहे ते जागेवर जाऊन बघायला लागतं. उद्याच्या गाडीनं जतला निघतोय. सौ.ला संध्याकाळपर्यंत परत येईन म्हणून सांगितलं. तिनं पिशवीत चार दिवसांचे कपडे भरले आणि स्वतःचीही पिशवी शेजारी आणून ठेवली.